साबणाची कढई आणि घरसंसार : मराठवाड्यातील एका गृहोद्योगाची ऐतिहासिक मीमांसा

साबण तयार करणे हा अल्प भांडवलावर उभा राहणारा धंदा मानला जातो. एक कढई, एक लाकडी साचा, तेल, खार आणि पाणी एवढ्या सामग्रीवर एखाद्या कुटुंबाचा चरितार्थ चालू शकतो, ही समजूत ग्रामोद्योगाच्या प्रचारात वारंवार व्यक्त झालेली आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. कढई घरची असली, तरी खार कोणाच्या हाती, तेलाचा भाव कोण ठरविणार आणि वडी सुकेपर्यंत घर कशावर चालावयाचे, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा घराबाहेरच ठरत आली. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, आणि त्याच्या आसपासचा प्रदेश यांच्या संदर्भात या तीन प्रश्नांचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

‘साबण’ हा शब्द अरबी ‘साबून’ या शब्दापासून फारसीच्या द्वारे मराठीत रूढ झाला. शब्द बाहेरून आला असला, तरी मळ काढण्याची विद्या येथे जुनीच होती. रिठा, शिकेकाई, लाकडाची राख आणि परिटाच्या भट्टीतील खार यांवर लोकव्यवहार चालत असे. या वस्तू आणि साबण यांत एक मूलभूत भेद आहे. साबणाला तेल लागते. आणि तेल ही मुख्यतः स्वयंपाकघराची वस्तू होय. भुईमूग, करडई व जवस पिकविणाऱ्या, परंतु अवर्षणाने वारंवार गांजलेल्या मुलुखात, खाण्याचे तेल कढईत ओतून त्याचा साबण करणे गरीब कुटुंबास सहज परवडणारे नव्हते.

खाराची गोष्ट मात्र निराळी होती. औरंगाबादच्या पूर्वेस, जालन्यापलीकडे, सुमारे दीडशे किलोमीटरांवर लोणारचे सरोवर आहे. बेसॉल्ट खडकात उल्काघाताने निर्माण झालेल्या या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील पाणी अत्यंत खारे असून उन्हाळ्यात त्याच्या काठी सोड्याचे थर साठतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना, लोणार येथे काच आणि साबण यांस लागणारे द्रव्य मिळते, असे नमूद केले आहे. एका साम्राज्याच्या महसुली वर्णनात साबणाच्या कच्च्या मालाची नोंद व्हावी, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. खार हे तेव्हाच व्यापाराचे आणि राजाच्या उत्पन्नाचे साधन झालेले होते. काठावर गोळा होणाऱ्या खाराच्या प्रतवारीस डल्ला, खुप्पल, भुसकी अशी स्वतंत्र स्थानिक नावे होती, यावरून त्या व्यवहाराची सूक्ष्मता लक्षात येते.

लोणारचा खार मुख्यतः सोडियमच्या कार्बोनेटांचा व मिठाचा बनलेला आहे. तो जसाच्या तसा तेलात घातल्यास चांगला साबण होत नाही. त्याच्या द्रावणात चुना मिसळून त्यास दाहक करावे लागते. मग निवळलेले तीव्र पाणी तेलाबरोबर शिजवावयाचे, ही जुनी रीत. म्हणजे खार, चुना, सरपण आणि अनुभवी हात एवढ्यांची जुळणी झाली, की कढई चालू शके. हे सर्व जिन्नस बैलगाडीच्या टप्प्यात मिळण्याजोगे होते, हे त्या अर्थव्यवस्थेचे बलस्थान म्हणता येईल.

ही जुळणी राजकीय सीमांनी बिघडविली. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि लोणार निजामाच्या कारभाराबाहेर पडले. औरंगाबाद मात्र हैदराबाद संस्थानातच राहिले. संस्थानचे जकात खाते ‘करोडगिरी’ या नावाने ओळखले जाई, आणि सरहद्दीवरून आत येणाऱ्या मालावर ते कर घेत असे. जो खार पूर्वी शेजारच्या परगण्यातला होता, तो आता परमुलखातला ठरला. १९५० मधील आर्थिक एकात्मीकरणानंतरच संस्थानी जकातीची ही व्यवस्था क्रमाक्रमाने मोडीत निघाली.

दुसरा मोठा बदल कारखानदारीमुळे झाला. १८८८ मध्ये विलायती ‘सनलाइट’ साबण हिंदुस्थानच्या बाजारात उतरला. १९०० साली हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाडपर्यंतचा मार्ग खुला झाला आणि औरंगाबाद मुंबईच्या बाजारपेठेशी जोडले गेले. १९१८ च्या सुमारास अर्देशीर गोदरेज यांनी प्राणिज चरबी न वापरता वनस्पतिजन्य तेलांचा साबण काढला. १९३३ मध्ये लीव्हर ब्रदर्सची भारतीय कंपनी स्थापन झाली. परंतु रेल्वेचा परिणाम एकेरी नव्हता. ज्या रुळांवरून तयार साबणाच्या पेट्या येऊ लागल्या, त्याच रुळांवरून दाहक सोड्याचे डबेही येऊ लागले. चुना भिजविणे, पाणी निवळणे, त्याची तीव्रता अंदाजाने पारखणे ही कष्टाची कामे त्यामुळे टळली. घरगुती साबण करणे सोपे झाले. मात्र तो करणारा पूर्वीपेक्षा अधिक परावलंबी झाला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत दाहक सोड्याचा मोठा भाग परदेशांतूनच येत असल्याने त्याचा भाव येथील कढईशी संबंध नसलेल्या घटनांवर हेलकावे खाई.

गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी त्याची धुरा वाहिली. ग्रामोद्योगाच्या विचाराने तेलाच्या प्रश्नास जे उत्तर दिले, ते विशेष लक्षणीय आहे. खाण्याच्या तेलाला हात न लावता कडुनिंब, मोह, करंज अशा झाडांच्या वाया जाणाऱ्या बियांतून तेल काढावे आणि त्याचा साबण करावा, ही ती योजना. पहिल्या पंचवार्षिक योजनेने निंबोळीच्या तेलाच्या साबणाचा ग्रामोद्योगांत अंतर्भाव केला. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने हे कार्य पुढे चालविले. याच काळात, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५४ मध्ये साबणावर केंद्रीय उत्पादनशुल्क बसले. त्याच्या आकारणीत यंत्रशक्तीचा उपयोग करून केलेला साबण आणि केवळ हाताने केलेला साबण यांत भेद राखला गेला. कायद्याने लहान कढईस दिलेले हे एक संरक्षणच होते.

तेल आणि कर यांचा विचार झाला. तिसरा प्रश्न, म्हणजे काळाचा, मात्र बव्हंशी दुर्लक्षित राहिला. थोड्या हिशेबाने तो स्पष्ट होईल. मोहाच्या अथवा भुईमुगाच्या एक किलो तेलास सुमारे १३५ ग्रॅम, तर खोबरेल तेलास सुमारे १८० ग्रॅम दाहक सोडा लागतो. मोहाचे दहा किलो तेल घेतल्यास पाण्यासह सुमारे पंधरा किलो ओला साबण हाती येतो. थंड पद्धतीने केलेला हा साबण दुसऱ्या दिवशी कापता येतो. परंतु तो वापरण्यायोग्य व टणक होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि तेवढ्या अवधीत त्याचे वजनही घटते. तेलाचे पैसे पहिल्या दिवशी द्यावयाचे, विक्रीचे पैसे दीड महिन्याने यावयाचे, त्यातही दुकानदार उधारीवर माल घेणार. ज्या घरात साबणाखेरीज दुसरी मिळकत नाही, त्या घरास हा काळ काढणे दुष्कर होते. मग वडी ओली असतानाच विकणे, किंवा तीत शंखजिऱ्याची भर घालणे, हे दोन मार्ग उरतात. पहिल्याने गिऱ्हाईक नाराज होते, दुसऱ्याने नाव जाते. निकृष्ट मालाचा दोष अनेकदा कारागिराच्या नीतीवर ठेवला जातो; वस्तुतः तो पुष्कळ अंशी त्याच्या कर्जाचा असतो.

मोठ्या कारखान्यास हा ताण जाणवत नाही. उकळून मिठाने साबण वेगळा काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात तेलाच्या सुमारे एक दशांश इतके ग्लिसरीन असते. कारखाना ते शुद्ध करून विकतो, लहान भट्टीवाला ते ओतून देतो. एकाच तेलाची किंमत एकास दोनदा मिळते, दुसऱ्यास एकदाच.

१९६९ मध्ये अहमदाबाद येथे करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतील रसायनज्ञाने घराच्या आवारात धुण्याची पूड तयार करून सायकलवरून विकण्यास प्रारंभ केला. कन्येच्या नावावरून ‘निरमा’ म्हटलेल्या या पुडीचे यश सर्वश्रुत आहे. त्या यशाचे कारण प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचे वाटते. या पुडीस खाण्याचे तेल लागत नव्हते, आणि ती सुकण्यासाठी आठवडे थांबावे लागत नव्हते; सकाळी मिसळलेला माल त्याच दिवशी रोखीने विकता येई. गृहोद्योगास छळणाऱ्या तीन अडचणींपैकी दोन तिने मुळातच टाळल्या. मात्र तिच्या प्रसाराने कपड्यांच्या तेलसाबणाची बाजारपेठ आकुंचित झाली.

आता घरगुती साबण मुख्यतः अंगाच्या साबणाच्या रूपाने टिकून आहे. तेथेही नियम बदलले. सौंदर्यप्रसाधनांच्या कायदेशीर व्याख्येतून साबण वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीने ती सूट गेली आणि अंगाच्या साबणाच्या उत्पादनास परवाना आवश्यक ठरला. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने बचत गटांची चळवळ राज्यभर नेली. मराठवाड्यातील धाराशिव जिल्ह्यात उस्मानाबादी शेळीच्या दुधाचा साबण करण्याचे प्रयत्नही महिलांनी केले आहेत. घरच्या शेळीचे दूध ही उसनवारीची वस्तू नव्हे, हे या प्रयत्नांचे मर्म होय. बचत गटाची रक्कम जर साबण सुकण्याच्या अवधीत कुटुंबास आधार देऊ शकली, तर जो प्रश्न कोणत्याही जकातीने वा सवलतीने सुटला नाही, त्याचा उलगडा होण्याची शक्यता आहे.

लोणारचे सरोवर २००० मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झाले. तेथील खार आता धंद्यासाठी उपलब्ध नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या खाराच्या इतिहासाने शिकविलेली गोष्ट जुनी झालेली नाही. साबण करण्याची कृती शिकविण्यास आठवडा पुरतो. ती कृती घर पोशील की नाही, हे मात्र कच्चा माल किती जवळ आहे आणि दीड महिना थांबण्याची ऐपत कितपत आहे, यावर ठरते. गृहोद्योगांच्या योजनांचे मूल्यमापन याच कसोटीवर होणे इष्ट आहे.