चंदगडचा आमदार चौथ्या हिश्श्याच्या मतांवर, पदवीधरला मात्र निम्म्याहून जास्त लागतात

2019 च्या विधानसभेला चंदगडमधून राष्ट्रवादीचे राजेश पाटील निवडून आले. त्यांना मिळाली साडेपंचावन्न हजारांच्या आसपास मतं. अपक्ष शिवाजी पाटील 51 हजारांवर थांबले, बाकीची मतं इतरांत फुटली. म्हणजे झालेल्या मतदानाचा साधारण चौथा हिस्सा पुरला! 2024 ला शिवाजी पाटील अपक्ष म्हणूनच 84 हजारांवर मतं घेऊन जिंकले, पण निम्मी मतं त्यांनाही नव्हती.

यात बेकायदेशीर काही नाही. लोकसभा आणि विधानसभेला नियम एकच: सगळ्यांत जास्त मतं ज्याला, तो विजयी. मग ती 60 टक्के असोत की 25. समान मतं पडली तर चिठ्ठी टाकतात. ‘नोटा’ला कितीही मतं पडली तरी विधानसभेच्या निकालावर परिणाम होत नाही. म्हणूनच गावागावांत ‘मतं कोण खाणार’ याची चर्चा उमेदवारापेक्षा जास्त रंगते.

चंदगडच्याच काही मतदारांना दुसरी पद्धतही वापरता येते. विधान परिषदेचे पुणे पदवीधर आणि पुणे शिक्षक हे मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांचे मिळून आहेत. तिथे मतपत्रिकेवर नावांपुढे 1, 2, 3 असे पसंतीचे आकडे लिहायचे. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त, हा कोटा. तो कुणीच गाठला नाही तर सगळ्यांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. 2020 ला शिक्षक मतदारसंघात कोल्हापूरचे जयंत आसगावकर अशाच फेऱ्यांनंतर निवडून आले. आवडता उमेदवार हरला तरी इथे मत वाया जात नाही, हे मला जास्त न्यायाचं वाटतं. मोजणीला मात्र रात्र जागावी लागते.

एक खबरदारी घ्या. 1 हा आकडा लिहिलाच पाहिजे, नाहीतर मत बाद. बरोबरची खूण केली किंवा अक्षरात ‘एक’ लिहिलं तरीही बाद. पेन केंद्रावर मिळेल तोच वापरायचा.

आणि विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून इथे मत देता येत नाही. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, मागच्या वेळचं नाव चालत नाही. घरातल्या मुली-सुनांनी पदवी घेतलेली असते, पण फॉर्म कुणी भरत नाही. पात्रता तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली असली की नमुना 18 भरता येतो. शिक्षकांसाठी नमुना 19.