जोशी, गणेश वासुदेव
(१८२८–२५ जुलै १८८०). पुण्यातील वकील, पुणे सार्वजनिक सभेचे संस्थापक आणि स्वदेशीचे आद्य पुरस्कर्ते. ‘सार्वजनिक काका’ याच नावाने ते लोकांत ओळखले जात. जन्म साताऱ्याचा. पुण्यात आल्यावर त्यांनी आधी सरकारी कचेरीत नोकरी केली आणि नंतर वकिली सुरू केली.

पर्वती देवस्थानाच्या पंचांचा कारभार नीट नाही, अशी पुणेकरांची तक्रार होती. तिच्यातूनच २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा जन्मली. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, हा सरकारचा हमखास प्रश्न. काकांनी त्याचे उत्तर वकिलाच्या दप्तरातूनच काढले. निदान पन्नास जणांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणील, तोच सभेचा सभासद. आरंभीच्या ९५ सभासदांच्या मागे अशी सुमारे सहा हजार माणसे होती. मतदानाचा हक्क कोणालाच नसलेल्या त्या काळात लोकप्रतिनिधित्वाचा याहून सच्चा प्रयोग महाराष्ट्रात दुसरा सापडत नाही. औंधचे पंतप्रतिनिधी सभेचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे न्या. रानडे यांची साथ मिळाली आणि काकांच्या धडपडीला अभ्यासाची जोड लाभली. १८७६–७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. कोर्टाच्या खर्चात रयत बुडू नये म्हणून पुण्यात लवाद कोर्टही काढले.

१२ जानेवारी १८७२ रोजी काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत कातून त्याचेच कपडे ते वापरू लागले. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीत मिरवत असताना काका त्याच जाड्याभरड्या पोशाखात हजर होते. हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क द्यावेत, अशी मागणी तिथे सभेने केली. काकांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी पुण्यात स्त्रीविचारवती सभा चालवली.

काकांच्या वकिलीची खरी कसोटी १८७९ मध्ये लागली. आजच्या शिरूर तालुक्यातील धामारीवर दरोडा घालून बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. त्यांचे वकीलपत्र घेऊन सरकारची वक्रदृष्टी ओढवून घ्यायला कोण तयार होणार? काका उभे राहिले. फडक्यांना जन्मठेप झाली, एडनला पाठवण्यात आले. पण आरोपीला बचावाचा हक्क आहे, हे काकांनी भर कोर्टात उभे राहून दाखवले. त्यानंतर वर्षभरातच त्यांचे निधन झाले.

काकांच्या पश्चातही सभेचे काम चालू राहिले. १८९६ च्या दुष्काळात टिळकांच्या प्रभावाखालील सभेने शेतकऱ्यांना त्यांचे हक्क गावोगाव जाऊन समजावले. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.