‘पार फॉर द कोर्स’ : नेहमीचेच, पण कोणासाठी?

इंग्रजी वृत्तपत्रांत ‘पार फॉर द कोर्स’ हा वाक्प्रचार वरचेवर भेटतो. गाडी उशिरा आली, नळाला पाणी आले नाही, फाइल अडकली, की लिहिणारा हे शब्द वापरून मोकळा होतो. यातील ‘कोर्स’ म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, तर गोल्फचे मैदान. आणि ‘पार’ हा वडाचा पारही नव्हे.

लॅटिनमध्ये ‘पार’ म्हणजे समान. इंग्रजीत हा शब्द प्रथम चलन व रोख्यांच्या व्यवहारात रुळला. समभाग दर्शनी किमतीला विकला गेला, तर तो ‘ॲट पार’. गोल्फमध्ये तो १८७० च्या सुमारास आला. कुशल खेळाडूला चेंडू एका होलमध्ये घालण्यास जितके फटके लागावेत, तो त्या होलचा पार. तो सहसा ३, ४ वा ५ असतो, तर १८ होलच्या मैदानाचा बहुधा ७२.

गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके उत्तम, म्हणून ‘अंडर पार’ ही शाबासकी ठरते. ‘बिलो पार’मध्ये मात्र बाजारातील उणेपण टिकून आहे. प्रकृती बरी नसली, तरी इंग्रज माणूस तेच म्हणतो.

मुख्य म्हणजे प्रत्येक मैदानाचा पार वेगळा असतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात पावसाचेही तसेच आहे. सह्याद्रीला भिडलेल्या अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडी परिसरात हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो. पर्जन्यछायेतील जामखेड, कर्जत, पाथर्डी यांच्या वाट्याला त्याचा अल्पसा अंश येतो. जामखेडला जो पाऊस समाधानाचा, तो घाटघरला दुष्काळाचा.

मराठीत या वाक्प्रचारासाठी ‘नेहमीचेच’, ‘ठरलेलेच’, ‘चालायचेच’ हे शब्द चपखल बसतात. त्यात अपेक्षाभंग नसतो. असतो तो थकलेला स्वीकार. म्हणूनच तो जपून वापरावा. ‘दुष्काळ इथे नेहमीचाच’ असे म्हटले, की तक्रारीला जागाच उरत नाही.

वास्तविक पार हा माणसांनीच ठरविलेला असतो. मैदानाची फेररचना झाली, की तोही बदलतो. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या दशकात पाणलोटाची कामे केली, सिंचनासाठीच्या बोअरवेलवर आणि उसासारख्या पिकांवर बंधने घातली. उन्हाळा म्हणजे टँकर, ही समजूत तेथे मोडली. आकाशातला पाऊस तोच राहिला; गावाने आपला पार बदलला.