सेव्ह, रिझ्यूम आणि चालता कंटेनर

‘डॉकर कमिट’ दिलं की चालता कंटेनर जसाच्या तसा साठवला गेला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती तपासणं सोपं आहे. कंटेनरमध्ये दर सेकंदाला पुढचा आकडा छापणारं लूप लावा. मोजणी चाळिसावर आली की कमिट करा आणि त्या इमेजवरून नवा कंटेनर चालवा. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. कमिटनं फायलींमधले बदल टिपले. आकडा मेमरीत होता, तो राहून गेला. तोच प्रयोग ‘डॉकर चेकपॉइंट’नं केला तर कंटेनर उठतो आणि एक्केचाळीस छापतो.

या दुसऱ्या विद्येचं मूळ शोधणारे साधारणपणे आयबीएमच्या ओएस/360 मधल्या चेकपॉइंट-रीस्टार्टपाशी थांबतात. मला ते पटत नाही. तिथला चेकपॉइंट म्हणजे लांबलचक कामांचा विमा होता. कुठे टिपायचं ते प्रोग्राम लिहिणारा आधीच आत पेरून ठेवी. कंटेनरच्या बाबतीत आतल्या प्रोग्रामला काही कळतही नाही. हुकूम बाहेरून, कमांड लाइनवरून येतो. या रीतीचं माहेर माझ्या मते एमआयटीतली सीटीएसएस ही प्रणाली. फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूनं ती नोव्हेंबर 1961 मध्ये पहिल्यांदा चालवून दाखवली.

सीटीएसएसमध्ये चालता प्रोग्राम टर्मिनलवरून थांबवता येई. तो मरत नसे, सुप्तावस्थेत जाई. मग सेव्ह ही कमांड आणि एक नाव टाइप केलं की त्याची सगळी मेमरी, रजिस्टरांच्या स्थितीसकट, फायलीत जाई. रिझ्यूम म्हटलं की तो पुढे चालू. गंमत पुढेच आहे. नव्यानं तयार केलेला प्रोग्रामही लोड करून असाच सेव्ह करत आणि चालवताना रिझ्यूमच करत. म्हणजे प्रोग्राम चालवणं आणि थांबलेला प्रोग्राम उठवणं ही दोन कामं नव्हतीच!

हे त्यांना इतकं सहज का जमलं? माझा तर्क असा: वापरणाऱ्याच्या वाट्याला आयबीएम 7094 ची 32,768 शब्दांची मेमरी येई, आणि पाळी बदलली की आधीच्याची मेमरी बाहेर काढून ठेवावीच लागे. ते यंत्र रात्रंदिवस हेच करत होतं. सेव्हनं त्या बाहेर काढलेल्या मेमरीला फक्त नाव आणि कायमची जागा दिली.

युनिक्सच्या घरात ही सोय टिकली नाही, कारण तिथे प्रोसेसचा संसार तिच्या मेमरीत मावत नाही. उघड्या फायली, प्रोसेस क्रमांक, नेटवर्कवरची जोडणी, सगळं कर्नलच्या ताब्यात. कोलंबिया विद्यापीठातल्या झॅप प्रकल्पानं 2002 मध्ये प्रोसेसच्या गटाभोवती कुंपण घालून तो गटच उचलून न्यायची वाट दाखवली. कंटेनरची आई कोण, असं विचारलं तर मी झॅपकडेही बोट दाखवीन. पुढे ओरेन लादान यांनी हे सगळं लिनक्स कर्नलमध्ये बसवण्यासाठी पॅचेसची मोठी मालिका पाठवली. ती स्वीकारली गेली नाही.

2011 मध्ये ओपनव्हीझेड या लिनक्स-कंटेनर प्रकल्पाच्या पावेल येमेल्यानोव्ह यांनी बाजू उलटवली: काम कर्नलच्या बाहेरून करायचं, कर्नलकडे फक्त जरुरीपुरत्या खिडक्या मागायच्या. हेच क्रियू नावाचं साधन; डॉकरचा चेकपॉइंट त्याच्याच जोरावर चालतो. लिनक्स कर्नलचे एक मुख्य सांभाळकर्ते अँड्र्यू मॉर्टन यांनी 2012 च्या सुरुवातीला पहिले तुकडे पुढे पाठवले, पण हे सगळं शेवटी चालेल याची आपल्याला लेखकांइतकी खात्री नाही, असं सोबतच्या टिपणात लिहून टाकलं. नवा कोड वेगळ्या पर्यायाखाली ठेवायला लावला, म्हणजे फसलं तर उपटून टाकता येईल!

क्रियूची खरी करामत मेमरी वाचण्यात आहे. डीबगर ज्या पीट्रेसनं प्रोसेस धरतो त्याच वाटेनं क्रियू तिला धरतो आणि तिच्या पोटात कोडचा छोटा तुकडा सोडतो. कर्ते त्याला परोपजीवीच म्हणतात. झाडाच्या रसावर बांडगुळानं जगावं तसा तो त्या प्रोसेसच्याच अधिकारानं आतून मेमरीची पानं पाइपमधून बाहेर देतो. काम झालं की त्याला काढून टाकतात. उठवताना प्रोसेसला जुनाच क्रमांक मिळावा लागतो. त्यासाठी आधी शेवटचा वापरलेला क्रमांक कर्नलमध्ये लिहून लगेच फोर्क करून नवी प्रोसेस काढत. मध्येच दुसऱ्या कुणी तो पटकावला की फसगत. लिनक्स 5.5 पासून हवा तो क्रमांक थेट मागता येतो.

क्रियूच्या कर्त्यांनी सीटीएसएसची पुस्तिका समोर ठेवली होती, असा माझा दावा नाही. पण टर्मिनलवर बसलेल्या माणसानं चालत्या प्रोग्रामला न विचारता थांबवावं, नाव देऊन ठेवावं आणि मागाहून उठवावं, हा व्यवहार दोन्हीकडे एकच आहे. डॉकरमध्ये चेकपॉइंट 1.13 आवृत्तीपासून प्रायोगिक सदरात आहे. पॉडमॅन या डॉकरसारख्याच दुसऱ्या साधनानं तो नेहमीच्या कमांडमध्ये घेतला, आणि तिथे एक्स्पोर्टचा पर्याय दिला की थांबलेला कंटेनर एका टार फायलीत येतो. ती दुसऱ्या यंत्रावर न्या, रिस्टोर म्हणा. मोजणी एक्केचाळिसापासून तिथे सुरू होते.