शेतकरी कंपनीची खरेदी वाढली की पैसे का कमी पडतात?

शेतकरी उत्पादक कंपनी म्हणजे शेतकऱ्यांनी स्वतः भागभांडवल घालून काढलेली कंपनी. ती सभासदांचा माल एकत्र करते, प्रतवारी करून मोठ्या खरेदीदाराला विकते. महाराष्ट्रात अशा हजारो कंपन्या नोंदल्या गेल्या, पण बऱ्याच छोट्याच राहिल्या. ग्राहक मिळूनही त्या अडतात, कारण हातात रोकड नसते.

एक हिशोब करून पाहू. समजा, कंपनी रोज 10 टन टोमॅटो 15 रुपये किलोने घेते. म्हणजे रोजचे दीड लाख. खरेदीदार 30 दिवसांनी पैसे देणार असेल तर 45 लाख रुपये कायम अडकलेले. खरेदी दुप्पट केली की 90 लाख.

आता गल्ल्यात किती आहेत ते बघा. 300 सभासदांनी प्रत्येकी 2,000 रुपये भरले तर 6 लाख जमतात. केंद्राच्या 2020 च्या योजनेत तेवढंच अनुदान मिळू शकतं. एकूण 12 लाख.

मग शेतकऱ्याला ‘पुढच्या महिन्यात देतो’ असं सांगावं लागतं. तोवर बांधावर व्यापारी रोख घेऊन उभा असतो. सभासदाने माल त्याला दिला की कंपनीवाले गद्दारी म्हणतात, पण मजुरांचा आठवड्याचा पगार उधारीवर होत नाही.

बँक तारण मागते, आणि जमीन तर सभासदांच्या नावावर असते, कंपनीच्या नाही. 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमीची सोय आहे, पण बँकेला आधी नीट ताळेबंद लागतो.

बाहेरचा गुंतवणूकदार का नाही घ्यायचा? कायद्यानुसार सभासद फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच होऊ शकतात. वैयक्तिक सभासदांच्या कंपनीत शेअर कितीही असले तरी मत एकच. ही तरतूद शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठीच आहे, पण तिच्यामुळे भांडवलाची वाटही अरुंद होते.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’ने यातून मार्ग काढला. विलास शिंदे यांनी उभी केलेली ही देशातल्या सर्वांत मोठ्या शेतकरी कंपन्यांपैकी एक. तिने प्रक्रिया आणि काढणीपश्चात कामासाठी वेगळी उपकंपनी केली. 2022 मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदार संस्थांनी त्या उपकंपनीत सुमारे 310 कोटी रुपये गुंतवले. मूळ कंपनी शेतकऱ्यांचीच राहिली.

पण हा मार्ग लगेच सगळ्यांना जमणारा नाही. 300 सभासदांच्या कंपनीला आधी हवेत ते शेतकऱ्याला आठवड्यात पैसे देण्याइतके खेळतं भांडवल आणि लवकर पैसे देणारे दोन-तीन खरेदीदार, भाव रुपयाने कमी असला तरी.