पडद्यावरचे तळे आणि मेपलचे झाड

आजोळच्या माजघरात एक कौटुंबिक छायाचित्र टांगलेले असे. तालुक्याच्या गावातील स्टुडिओत काढलेले. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, आई आणि मावशी परकर-पोलक्यात पायांशी बसलेल्या. आणि मागच्या पडद्यावर रंगवलेले एक तळे, कठडा, दूरवर कारंजे. आमच्या दुष्काळी मुलखात असे तळे कुठेच नव्हते. त्या पडद्याला आम्ही मुले हसत असू.

त्याच मावशीचा मुलगा आता अमेरिकेत, न्यू इंग्लंडमध्ये स्थायिक आहे. दर ऑक्टोबरात त्याच्याकडून एक छायाचित्र येते: दसऱ्याच्या कपड्यांतले कुटुंब, मागे लालभडक मेपल, उतरणीवर एखादे जुने शेतघर. हे छायाचित्र खरे आणि आजोळचे खोटे, असे आपण सहज मानतो. छायाचित्रणाचा इतिहास पाहिला तर मात्र दोहोंतील अंतर वाटते तितके मोठे राहत नाही.

आधी शब्दाचा प्रश्न. तिकडच्या 'फॉल'ला आपण शरद म्हणतो. महिने साधारण जुळतात, आशय जुळत नाही. आपला शरद म्हणजे निवळलेले पाणी, धुतलेले आकाश आणि कोजागरीचे चांदणे. पानगळ आपल्याकडे शिशिराची, आणि तिच्यात रंगांच्या वैभवापेक्षा रितेपणाच अधिक. तेव्हा रंगलेल्या पानांपुढे घरच्यांना उभे करावे, ही कल्पना मावसभावाला वारशाने मिळालेली नाही. ती त्याने तिथे जाऊन शिकून घेतली. पण ज्यांच्याकडून शिकली त्यांच्याकडे तरी ती कुठून आली?

१८३९ साली ज्याच्या छायाचित्रण-पद्धतीची घोषणा पॅरिसमध्ये झाली, तो लुई दागेर मुळात रंगभूमीचे देखावे रंगवणारा कलावंत होता. १८२२ साली त्याने पॅरिसमध्ये सुरू केलेल्या 'डायोरामा'त प्रचंड पडद्यांवरील निसर्गदृश्ये प्रकाशाच्या करामतीने जिवंत भासवली जात. (आपल्याकडेही कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवताच चित्रपटाकडे वळले.) आरंभीच्या तंत्रात माणसाला बराच वेळ निश्चल बसावे लागे, आणि १८५१ नंतरच्या ओल्या काचेच्या पद्धतीत बाहेर जायचे तर अंधारी खोलीच तंबूच्या रूपाने बरोबर न्यावी लागे. कुटुंबाला रानात नेणे कठीण, म्हणून रान पडद्यावर रंगवून स्टुडिओत आले.

'चित्र काढण्याजोगी जागा' शोधण्याची सवय मात्र छायाचित्रणाच्याही आधीची. विल्यम गिल्पिनचे वाय नदीच्या प्रवासावरील पुस्तक १७८२ सालचे; निसर्गाकडे चित्राच्या निकषांनी कसे पाहावे, हे त्याने इंग्रज वाचकाला शिकवले. त्यापूर्वी, १७७८ साली, टॉमस वेस्टने इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशाची मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात नेमके कुठे उभे राहून पाहावे, ती ठिकाणेच ठरवून दिलेली होती. प्रवाशांच्या हाती 'क्लॉड आरसा' असे. क्लोद लोरँ या चित्रकाराच्या नावाचा हा काळसर, बहिर्गोल आरसा. दृश्याकडे पाठ करायची आणि आरशातले प्रतिबिंब न्याहाळायचे. कवी टॉमस ग्रे १७६९ साली असाच आरसा हाती धरून चालताना चिखलाच्या वाटेवर पाठीवर पडला. आरसा वाचला, बोटांची हाडे मात्र सोलपटली. निसर्गाकडे पाठ करून हातातल्या चौकटीत त्याला पाहणारा माणूस मोबाइलच्या कितीतरी आधी जन्मला होता.

कौटुंबिक छायाचित्र घराबाहेर पडले ते कोडॅकमुळे. १८८८ सालच्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की कॅमेराच रॉचेस्टरला कारखान्यात पाठवायचा. १९०० साली एक डॉलरचा 'ब्राउनी' आला आणि कॅमेरा मुलांच्याही हाती गेला. तरीही पानगळ अजून दूर होती, कारण कृष्णधवल चित्रात लाल मेपल म्हणजे एक काळपट ढीग. रंगीत पानांपुढचे कुटुंब ही हौस रंगीत फिल्मची वाट पाहत होती. कोडाक्रोम १९३५ साली चलच्चित्रांसाठी आणि १९३६ साली साध्या कॅमेऱ्यासाठी आली. तिची संवेदनशीलता सुरुवातीला जेमतेम १० एएसए. १९६१ मध्ये ती २५ वर गेली. एवढ्या मंद फिल्मला भरपूर ऊन लागे. जागा निवडायची ती उन्हाची, सूर्य छायाचित्रकाराच्या पाठीशी आणि घरच्यांच्या डोळ्यांत. आज हीच निवड उलटली आहे. छायाचित्रकार सूर्यास्तापूर्वीचा तास किंवा ढगाळ दिवस पसंत करतात आणि माणसांना झाडांपासून दूर उभे करतात, म्हणजे मागची पाने विरघळून नुसता रंग उरतो. थोडक्यात, झाडाचा पुन्हा पडदा होतो.

निवड कशी करावी, याचे धडेही मिळत होते. १९५० ते १९९० या काळात न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात कोडॅकचे 'कलरामा' झळकत असे: १८ फूट उंच, ६० फूट रुंद, मागून उजळलेले रंगीत चित्र. अशी ५६५ चित्रे तेथे लागली. रम्य स्थळ, सुखी कुटुंब आणि त्या कुटुंबाचे छायाचित्र टिपणारा त्यातलाच एखादा सदस्य, अशी रचना त्यांत वारंवार दिसते. रोज गाडीसाठी धावणाऱ्या माणसाला सुट्टीत कुठे जायचे आणि तिथे काय करायचे, हे एकाच चित्रात कळत असे.

ज्या भूमीला आपण अस्सल निसर्ग म्हणतो तिचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हर्माँटमधील बहुतेक जंगल मेंढ्यांच्या कुरणांसाठी तोडले गेले होते. पुढे शेती तोट्यात गेली, माणसे पश्चिमेकडे निघून गेली आणि मोकळ्या कुरणांत रान पुन्हा वाढले. आज त्या राज्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे, आणि झाडीत मध्येच दिसणारे दगडी बांध ही जुन्या कुरणांची खूण आहे. मावसभावामागचा तो लाल डोंगर म्हणजे कुणाच्या तरी मोडलेल्या संसारावर उगवलेले रान.

आणि तेथे अजून माणसे राहतात. व्हर्माँटच्या पॉमफ्रेट गावातील क्लाउडलँड रोडवरचे 'स्लीपी हॉलो फार्म' ही खाजगी मालमत्ता आहे. समाजमाध्यमांवर त्याची छायाचित्रे पसरली आणि अरुंद कच्च्या रस्त्यावर गाड्यांची रीघ लागली. लोक कुंपण ओलांडून आत शिरू लागले, कपडे बदलायला तंबू उभारू लागले. अखेर २०२३ साली २३ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर, ऐन रंगांच्या दिवसांत, गावाने तो रस्ता बाहेरच्यांना बंद केला. स्टुडिओतला पडदा असल्या वागणुकीबद्दल तक्रार करू शकत नव्हता, गावाने ती केली.

त्या वर्षी मावसभावाचा बेत त्याच रस्त्याचा होता. तो फसला, आणि छायाचित्र निघाले घराजवळच्या कोपऱ्यावरील एकट्या मेपलखाली. मागे विजेचा खांब, कडेला कचऱ्याचा डबा, अर्धी पाने गळालेली. पाठवताना त्याने दिलगिरीही लिहिली. मावशी आदल्या वर्षी सहा महिने त्याच्याकडे राहून आली होती. तिने चष्मा लावून फोटो जवळ धरला आणि म्हणाली, "अगंबाई, हे तर आमचं बसचं झाड! रोज दुपारी इथंच उभी राहायचे मी, नात शाळेतून यायची तेव्हा."

आधीच्या छायाचित्रांतल्या एकाही डोंगराला तिने असे ओळखले नव्हते. तिच्या बालपणीच्या छायाचित्रातले ते तळेही तिला कधी कुठे भेटले नव्हते.