तिथि, चंद्र आणि तारीख : एकाच दिवशीं घडलेल्या गोष्टींविषयीं

वर्षांतील प्रत्येक तारखेखालीं त्या दिवशीं पूर्वीं घडलेल्या ठळक गोष्टी एकत्र मांडण्याची चाल आतां फार रूढ झाली आहे. अशा टिपणांचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यास शकावल्या व पत्रव्यवहार चाळण्यास सवड नाहीं त्यास त्यांमुळें एखादें जुनें नांव तरी आठवतें. परंतु दोन गोष्टी ‘एकाच दिवशीं’ घडल्या असें जेव्हां लिहिलें जातें, तेव्हां तो दिवस कोणत्या पंचांगाचा, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. फेब्रुवारीची १९ वी तारीख घ्या. तिच्याखालीं शिवछत्रपतींचा जन्म (१६३०) आणि नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचें निधन (१९१५) या गोष्टी शेजारीं शेजारीं छापलेल्या आढळतात. जेधे शकावलींतील शिवजन्माची मिति फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्रवार, अशी आहे. तिची १९ फेब्रुवारी ही जी तारीख करण्यांत येते ती ज्यूलियन म्हणजे जुन्या पद्धतीची. आज आपण जी ग्रेगोरियन पद्धति वापरतों तिच्याप्रमाणें त्या शुक्रवारीं १ मार्च होती. गोखले निवर्तले ती १९ फेब्रुवारी नव्या पद्धतीची, आणि त्या दिवशीं फाल्गुनाचा शुद्ध पक्ष चालू होता. सूर्याच्या हिशेबानें हे दोन दिवस एक नाहींत, चंद्राच्या हिशेबानेंही नाहींत. एक आहे तो केवळ आंकडा.

हा घोटाळा कसा झाला तें थोडक्यांत सांगतों. पोप तेरावा ग्रेगरी यानें इ. स. १५८२ मध्यें पंचांग सुधारलें, तेव्हां आक्टोबरच्या ४ तारखेनंतर एकदम १५ तारीख धरण्यांत आली. स्पेन व पोर्तुगाल यांनीं ही सुधारणा तत्काळ उचलली. इंग्रजांनीं मात्र पोपाची म्हणून ती १७० वर्षें दूर ठेविली, आणि शेवटीं १७५२ च्या सप्टेंबरांत २ तारखेनंतर १४ तारीख धरून ते इतरांबरोबर आले. तोंपर्यंत दोन्ही पद्धतींत प्रथम दहा, व १७०० च्या फेब्रुवारीनंतर अकरा दिवसांचें अंतर होतें. शेक्सपिअर व सर्व्हांटिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ रोजीं वारले असें जें कौतुकानें सांगतात, त्यांतही इंग्लंडची तारीख जुनी व स्पेनची नवी असल्यामुळें मध्यें दहा दिवस गेलेले आहेत.

हें विलायतेंतलें प्रकरण आपल्या दप्तरांत शिरतें तें असें. सुरत व मुंबई येथील इंग्रजी वखारींचे कागद जुन्या पद्धतीचे, आणि गोवें, वसई येथील फिरंग्यांचे नव्या पद्धतीचे. चिमाजी अप्पानें वसई घेतली तो दिवस एका बाजूच्या कागदांत ५ मे १७३९ व दुसऱ्या बाजूच्या कागदांत १६ मे १७३९ असा येतो. दिवस एकच आहे. हें लक्षांत न आल्यास वाचकास किल्ला अकरा दिवस अधिक झुंजला असें वाटेल. फिरंगी लोक किल्ला सोडून गेले त्या दिवसाची तीच गोष्ट : एकीकडे १२ मे, दुसरीकडे २३ मे. शिवाय इंग्रजांचें वर्ष त्या काळीं २५ मार्चला पालटत असे. यामुळें महाराजांची सुरतेवरील पहिली स्वारी, जी आपण जानेवारी १६६४ मध्यें धरतों, ती इंग्रजी कागदांत १६६३ सालाखालीं सांपडते. जानेवारी, फेब्रुवारी व मार्च यांतले कागद पाहतांना ही दुहेरी सावधगिरी हवी.

आतां खऱ्या एकदिनी घटनेकडे वळूं. माघ वद्य नवमी ही तिथि महाराष्ट्रांत दोन कारणांनीं स्मरली जाते. शके १५९१ च्या माघ वद्य नवमीस रात्रीं तानाजी मालुसऱ्यानें सिंहगड घेतला व तेथेंच तो पडला. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस समर्थ रामदासस्वामींनीं सज्जनगडावर देह ठेविला. ती तिथि दासनवमी या नांवानें आजही पाळली जाते. मध्यें बरोबर बारा वर्षें गेलीं आणि तिथि तीच आली. परंतु हीच मिति इंग्रजी तारखांत उतरवा, म्हणजे पहिली गोष्ट ४ फेब्रुवारी १६७० रोजीं पडते आणि दुसरी सामान्यतः २२ जानेवारी १६८२ ला देतात. दोहोंमध्यें तेरा दिवसांचें अंतर पडून जोडी फुटते. तारखांच्या कोष्टकावर विसंबणाऱ्यास या दोन मृत्यूंचा दिवस एक आहे हें कधींच कळावयाचें नाहीं. उलट शिवजन्म व गोखल्यांचें निधन एका दिवशीं झालें असें तो बिनदिक्कत सांगेल.

कोणी म्हणेल कीं, यांत इतिहासाचें काय नडलें? तानाजीच्या पडण्याचा व समर्थांच्या निर्याणाचा कार्यकारणसंबंध कांहीं नाहीं, तेव्हां तिथि जुळली काय आणि न जुळली काय. कार्यकारणसंबंध नाहीं हें आम्हांसही मान्य आहे, आणि अशा जुळणींतून दैवी संकेत काढणारांच्या पंक्तींस आम्ही बसत नाहीं. परंतु ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांनीं त्याचें श्राद्ध तिथीस केलें, ४ फेब्रुवारीस नव्हे. गडावर तोफ सुटली, देवळांत नैवेद्य झाला, वतनदारास मान मिळाला, तें सर्व तिथीप्रमाणें. त्या काळच्या माणसांचें स्मरण ज्या धाग्यावर ओंवलेलें होतें तो धागा तिथीचा. तेव्हां दोन गोष्टी एकाच दिवशीं घडल्या हें विधान त्या माणसांपुरतें खरें व्हावयाचें तर तें तिथीनेंच खरें होतें.

दुसरें असें कीं, तिथि ही स्वतःच एक साक्ष आहे. वद्य नवमीस चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. म्हणजे रात्रीचा पूर्वार्ध अंधाराचा, आणि कडा चढून जाणारास तो अंधारच सोयीचा. शाएस्तेखानावरील छापा चैत्र शुद्ध ८ शके १५८५, रविवार, या दिवशींचा. शुद्ध अष्टमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. शिवाय मुसलमानांचा रमजान चालू होता व दुसऱ्या दिवशीं रामनवमी होती. ‘५ एप्रिल १६६३’ एवढें लिहिलें तर यांपैकीं एकही गोष्ट वाचकाच्या ध्यानांत येत नाहीं. पानिपतची लढाईही पौष शुद्ध अष्टमीची. त्या रात्रीं पळणाऱ्यांस आणि त्यांचा पाठलाग करणाऱ्यांस मध्यरात्रीपर्यंत चांदणें होतें, हें सांगण्यास कोणा बखरकाराची गरज नाहीं.

पानिपतचें नांव निघालें म्हणून तद्विषयक एका समजुतीचा परामर्श येथेंच घेतों. ती लढाई १४ जानेवारी १७६१, बुधवार, या दिवशीं झाली. या वेळेपर्यंत इंग्रजांनीं नवी पद्धति स्वीकारली असल्यामुळें ही तारीख आजच्याच पद्धतीची आहे. आज मकरसंक्रांत बहुधा १४ जानेवारीस येते, म्हणून पानिपत संक्रांतीच्या दिवशीं झालें असें अनेक ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. आपल्या भाषेंत ‘संक्रांत कोसळणें’ असा वाक्प्रचार असल्यामुळें लिहिणारास तो मोह आवरत नाहीं. पण आपल्या पंचांगाचें नाक्षत्र वर्ष ग्रेगोरियन वर्षाहून किंचित् मोठें आहे, आणि त्यामुळें साठसत्तर वर्षांत संक्रांत सुमारें एक दिवस पुढें सरकते. १७६१ सालीं ती ९-१० जानेवारीच्या सुमारास येऊन गेलेली होती. पडताळा पाहणें असेल तर दूर जावयास नको. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो संक्रांतीच्या दिवशीं झाला हें प्रसिद्ध आहे. म्हणजे संक्रांत तेव्हां १२ तारखेस होती. त्याच्या शंभर वर्षें आधीं ती १४ तारखेस असूं शकत नाहीं. सदाशिवरावभाऊ रणांत उतरला तेव्हां तिळगूळ वांटून चार दिवस झाले होते, वांटण्यासारखें छावणींत कांहीं उरलें असेल तर.

तिथीचा पक्ष आम्ही घेतला, तरी तिच्यांतही खांचाखोंचा आहेत. आपला महिना अमान्त, उत्तर हिंदुस्थानचा पूर्णिमान्त. आपल्या माघ वद्य नवमीस तिकडे फाल्गुन कृष्ण नवमी म्हणतात. महाराज आग्र्याहून निसटले तो दिवस, १७ आगस्ट १६६६, आपल्याकडे श्रावण वद्य १२. आंबेरकरांच्या माणसांनीं लिहिलेल्या राजस्थानी पत्रांत त्या पंधरवड्यास भाद्रपद म्हटलेलें असावयाचें. शुद्ध पक्षांत भेद नाहीं, वद्य पक्षांत एका महिन्याचा. उत्तरेकडील कागद हातीं आल्यावर हें विसरणारा मनुष्य सबंध महिनाभर चुकतो.

याहून सूक्ष्म भेद दिवसाच्या आरंभाचा. आपला दिवस सूर्योदयीं लागतो, मुसलमानी चंद्र सूर्यास्तीं पालटतो, इंग्रजी तारीख मध्यरात्रीं. दिवसाढवळ्या घडलेल्या गोष्टीस याची बाधा नाहीं. परंतु आपल्या इतिहासांतील कित्येक मोठ्या गोष्टी रात्रींच्या आहेत. लाल महालांतील झटापट मध्यरात्रीं झाली. ती मध्यरात्रीच्या अलीकडे होती म्हणावें तर ५ एप्रिल, पलीकडे म्हणावें तर ६ एप्रिल. हिंदु गणनेनें दोन्ही वेळां रविवारच, आणि मुसलमानी गणनेनें नवा चंद्र सायंकाळींच लागून चुकलेला.

पेशवाईंतील कागदांत ‘छ’ हें अक्षर घालून चंद्र, मुसलमानी महिना व सुहूर सन देण्याची जी वहिवाट आहे, ती संग्राहकांस परिचितच आहे. पानिपतच्या वर्षाचे कागद ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर ११६१, या सनाचे. शुद्ध द्वितीयेच्या सायंकाळीं चंद्रदर्शन होऊन मुसलमानी महिना लागतो, म्हणून शुद्ध अष्टमीच्या कागदावर सहावा, आणि तो सायंकाळनंतर लिहिला असल्यास सातवा, चंद्र असावा. एखाद्या महिन्यांत दर्शन एक दिवस मागेंपुढें होईल, त्याहून अधिक नाहीं. तिथि, वार व चंद्र ही तिन्ही ज्या कागदांत आहेत तो कागद आपली परीक्षा आपणच देतो. मागाहून बनावट सनद करणारा तिथि ऐकीव घालतो, वार अंदाजानें घालतो, आणि चंद्रापाशीं फसतो. मात्र एका दिवसाच्या फरकावरून कोणत्याही कागदास खोटा ठरवूं नये. तिथीचा क्षय, वृद्धि, गांवोगांवच्या पंचांगांतील भेद आणि नक्कल करणाऱ्याची डुलकी, यांपैकीं कशानेंही एक दिवस हालतो. चार दिवस हालत नाहीं.

म्हणूनच रुमालांवर चिठ्या चिकटवून त्यांवर केवळ इंग्रजी तारीख घालण्याची जी पद्धत कित्येक संग्रहांत पडली आहे ती आम्हांस घातक वाटते. तारीख हा आपला निष्कर्ष आहे. कागदांतला पुरावा मिति आहे. दीक्षित व सेवेल यांचा १८९६ चा ग्रंथ किंवा स्वामीकन्नू पिल्लै यांचीं १९२२ चीं कोष्टकें हाताशीं असलीं म्हणजे मितीवरून तारीख केव्हांही काढतां येते. परंतु तारखेवरून मिति परत काढूं गेल्यास चिठी लिहिणारानें जुनी पद्धत धरली कीं नवी, आणि रात्र कोणत्या दिवसाला जोडली, हें आधीं ठाऊक पाहिजे. आणि चिठी लिहिणारा तोंवर हयात नसतो. यादींत पहिल्या रकान्यांत मिति जशीच्या तशी, मूळ लेखनाच्या चुकीसकट, उतरावी. तारीख शेवटच्या रकान्यांत पद्धतीच्या उल्लेखासह यावी.

राज्याभिषेकाचें उदाहरण देऊन हें टिपण थांबवितों. सर्वत्र ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, शनिवार, ६ जून १६७४ (जुनी पद्धत) असा दिवस दिला जातो. राज्याभिषेक शकाचें वर्ष याच त्रयोदशीस पालटतें, त्यामुळें ज्येष्ठांतील कागदांचा सन ठरवितांना द्वादशी कीं त्रयोदशी याला महत्त्व येतें. जेधे शकावलींत मात्र नोंद आहे ती शुद्ध द्वादशी, शुक्रवारची. घटिका देऊन, तीन घटिका रात्र उरली असतां महाराज सिंहासनीं बसले असें तींत सांगितलें आहे. वरवर पाहतां हा विरोध आहे आणि त्यावरून वादही होऊं शकेल. पण शुक्रवारीं सूर्योदयीं द्वादशी होती व ती दिवसा एकवीस घटिकांवर संपून त्रयोदशी लागली होती. तीन घटिका रात्र उरली म्हणजे उजाडण्यास सव्वा तासाच्या आंतबाहेर अवकाश होता. सूर्योदय न झाल्यामुळें वार अजून शुक्रवार, दिवसाची तिथि द्वादशी, प्रत्यक्ष चालू तिथि त्रयोदशी, आणि त्या वेळीं रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या हिशेबानें मध्यरात्र उलटून गेल्यामुळें शनिवार, ६ जून. चारही विधानें एकाच क्षणाचीं आहेत व चारही खरीं आहेत.